परत आलेला नग कुणाचा?

काका, नमस्कार. हे सदर वाचणारे सगळे तुम्हाला काका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी. इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघं होस्टेलवर एका खोलीत राहायचो. एकजण आता भोसरीत पॅनेलच्या कारखान्यात आहे. दुसरा जत तालुक्यात गावी असतो, डाळिंबाची बाग आणि कृषी सेवा केंद्र सांभाळतो. त्याच्या वडिलांना लाइट आली का ते बघायला रात्री-अपरात्री विहिरीवर जावं लागायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीच्या दिवसांत बसून एक डबी बनवली. स्टार्टरच्या पेटीत बसवायची. थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी तीन तारांची लाइट, आली की मोबाईलवर रिंग येते, त्यातली एखादी फेज गेली की मेसेज. प्रोग्राम मी लिहिला, बोर्ड भोसरीच्या मित्रानं केला, जतच्या मित्रानं ती बसवून लोकांना दाखवली. शेजारपाजारचे मागायला लागले. आजवर २,२०० रुपयांना एक अशा ६० गेल्या, काही सीमेपलीकडे अथणीलाही. सहा परत आल्या.

आता एक डीलर ५०० नगांची ऑर्डर देतो म्हणतोय. पैसे ४५ दिवसांनी. शिवाय मोबाईलवरून मोटर चालूही झाली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. जतचा मित्र म्हणतो तिघांचे सारखे हिस्से. भोसरीचा म्हणतो, रात्र रात्र जागून सोल्डरिंग मी करतो, मला निम्मा हिस्सा हवा. आणि तो नोकरी सोडायला निघालाय. माझ्यावर घराचं कर्ज आहे, बायकोला सातवा महिना आहे, आणि या ऑर्डरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ऑर्डर घ्यावी का? हिस्से कसे करावेत? मी नोकरीचं काय करू? गेल्या रविवारी तिघांच्या कॉलवर पहिल्यांदाच कुणी हसलं नाही, त्याची मला जास्त भीती वाटते.

— एक वाचक, पुणे

मित्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न तू बरेच विचारलेस, पण एक वाक्य घाईघाईत लिहून पुढे गेलास: ‘सहा परत आल्या.’ त्या सहांचं पुढे काय झालं हे पत्रात कुठेच नाही. त्या कुणी उघडल्या? कुरिअरचे पैसे कुणाच्या खिशातून गेले? ज्याच्या शेतात डबी बंद पडली, त्याचा फोन कुणी घेतला आणि त्याचं बोलणं कुणी ऐकून घेतलं? हिस्से, ऑर्डर, नोकरी या सगळ्याची उत्तरं मला त्या सहा डब्यांत दिसतात. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

आधी माझं सांगतो. १९९७ साली भोसरीत एका गाळ्यात आम्हीही तिघं मित्र होतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की पंप आपोआप बंद करणारे कंट्रोलर बनवायचो. पाच-पंचवीस नग ओळखीत गेले, लोक खूश होते. मग एका बांधकामवाल्याची २०० नगांची ऑर्डर आली. आम्ही पेढे वाटले. घाईत रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारे आतले स्विच, स्वस्तातले घेतले. पंप सुरू होताना जो करंटचा झटका बसतो त्यानं त्यांचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटायला लागले. टाकी भरली तरी पंप बंद होईना. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं रिलेवर टकटक केलं की कॉन्टॅक्ट सुटायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटायचा. महिन्याभरात गोणपाटात भरून माल परत आला. प्रत्येक नगाच्या मागे बॉलपेननं फ्लॅटचा नंबर लिहिलेला. ते नंबर मला अजून दिसतात.

रिले बदलले असते तर विषय संपला असता. खर्च चाळीसएक हजारांचा होता. पण तो कुणी करायचा, हे आमचं कधी बोलणंच झालेलं नव्हतं. रिले निवडणारा म्हणाला, स्वस्तातले घ्या असं तुम्हीच म्हणालात. विकणारा म्हणाला, शिव्या मी खातोय, वर पैसेही मीच घालू का? मी हिशेब लिहायचो. मी गप्प बसलो, आणि ते माझं चुकलं. आमच्यात कुणीच लबाड नव्हता. तरी गाळा बंद झाला आणि त्या दोघांपैकी एकाशी माझं आज फक्त लग्नकार्यात बोलणं होतं. नफ्याच्या वाटणीवरून आमचं कधीच भांडण झालं नव्हतं. भांडण झालं ते परत आलेल्या मालावरून.

तेव्हा हिस्से किती, याच्या आधी तिघांनी एका प्रश्नाचं उत्तर ठरवा: परत आलेला नग कुणाचा?

आता ऑर्डरकडे येऊ. पत्रात तू पुढे सामानाचा खर्च नगाला साधारण १,१५० रुपये असा लिहिला आहेस, जागेअभावी तो भाग वर छापलेला नाही. २,२०० मधून १,१५० गेले, उरले १,०५०, पाचशे नगांचे सव्वापाच लाख, असा हिशेब तुम्ही तिघांनी मनात केला असणार. मी कागदावर करून दाखवतो.

डीलरला २० टक्के सुटतील असं धरू. म्हणजे तो तुम्हाला १,७६० देणार. त्यात १८ टक्के जीएसटी आत आहे. तो काढला की १,४९१ उरतात. सामानाचे १,१५० (यावर भरलेला कर तुम्हाला वळता मिळेल, म्हणून तो धरत नाही) गेले, राहिले ३४१. जोडणीची मजुरी ८०, खोकं आणि वाहतूक ९०. राहिले १७१. तुमच्या ६० पैकी सहा परत आल्या, म्हणजे दहात एक. एक नग परत आला की जाण्यायेण्याचं कुरिअर आणि आतला सुटा भाग मिळून ३३० रुपये सहज जातात. ते दहा नगांवर पसरले की नगामागे ३३. उरले १३८. पाचशे नगांचे ६९,०००. तिघांत प्रत्येकी २३,०००.

आणि त्यासाठी आधी घालायचे किती? सामानाचे ५ लाख ७५ हजार, त्यावरचा जीएसटी आणखी लाखाच्या वर. डीलरचे पैसे ४५ दिवसांनी येणार. पण तुम्ही बिल फाडलं की कर देय होतो, पैसे हातात आले की नाही हे कुणी विचारत नाही. हे पैसे घालणार कोण? तुझं कर्ज चालू आहे. भोसरीचा नोकरी सोडतोय. म्हणजे जतच्या मित्राच्या डाळिंबाच्या पैशांवर सगळ्यांची नजर जाणार. हे त्याला कुणी स्पष्ट विचारलंय का?

माझं मत सरळ आहे. ५०० ची ऑर्डर घेऊ नका. १०० घ्या, तीही पन्नास-पन्नासच्या दोन खेपांत, आणि प्रत्येक खेपेला निम्मे पैसे आगाऊ. डीलर नाही म्हणाला तर त्याला वाईट न वाटू देता नाही म्हणा. आणि किंमत वाढवा. २,९०० ठेवलीत तर वरच्याच हिशेबानं नगामागे ६१३ उरतात, म्हणजे चौपटीहून जास्त. शेतकरी एवढे देईल का, असं तुला वाटेल. एक फेज गेलेली असताना चालून मोटर जळली की रिवाइंडिंगला किती जातात, आणि मोटर वर काढायला माणसं आणि पाण्याविना गेलेले दिवस वेगळे, हे जतच्या मित्राच्या वडिलांना विचार. तुमच्या डबीची किंमत त्यांना तुमच्याहून जास्त कळते.

उधारीबद्दल एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, करून घ्या. ऑनलाइन होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लहान उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. कायदा चांगला आहे. पण ज्याच्याकडे पुढच्या वर्षीही माल द्यायचाय त्याच्यावर कुणी पहिल्याच वर्षी दावा लावत नाही, म्हणून आगाऊ रकमेचा आग्रह सोडू नका.

अथणीला गेलेल्या डब्यांचं मात्र लगेच बघ. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, म्हणून तुम्ही निवांत असाल. पण दुसऱ्या राज्यात माल विकला की ही सूट राहत नाही, एक नग विकला तरी नोंदणी लागते. जतहून अथणी जवळ असली तरी ती कर्नाटकात आहे. नोंदणी होईपर्यंत तिकडे माल पाठवू नका, आणि झालेल्या विक्रीचं काय करायचं ते एखाद्या सीएला आत्ताच विचारून घ्या. दोन हजार रुपये फी गेली तरी जाऊ दे.

आता ती मोटर चालू करण्याची मागणी. इथं मी तुला हात जोडून सांगतो, या खेपेत ते करू नका. आजची तुमची डबी फक्त बघते आणि सांगते. ती चुकली तर फार तर कुणाची एक चक्कर फुकट जाते. मोटर चालू करणारी डबी चुकली तर? दुपारी लाइट नाही म्हणून कुणीतरी पेटी उघडून वायर आवळत असतो. कुणी विहिरीत उतरून पाइपच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हचा कचरा काढत असतो. तेवढ्यात लाइट येते, आणि पुण्यात बसून तू लिहिलेली एक ओळ मोटर सुरू करते. मोबाईलवरून पंप चालवणारी यंत्रं बाजारात नाहीत असं नाही. पुण्याचेच अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ कित्येक वर्षांपासून शेतात चालतंय. पण एवढं मोठं काम पाचशे नगांच्या घाईत, एका डीलरच्या आग्रहाखातर करायचं नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं वेगळं प्रकरणच आहे. कायद्याचं राहू दे. ज्या माणसाचा हात त्या पेटीत असेल, तो जतच्या मित्राला लहानपणापासून ओळखत असेल.

हिस्स्यांचं बोलताना मला एक जुनी गोष्ट आठवते. ‘अ‍ॅपल’ कंपनीची सुरुवात १ एप्रिल १९७६ ला एका भागीदारीच्या कागदानं झाली, आणि त्यावर तीन नावं होती. स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझनियाक यांचे ४५-४५ टक्के, आणि रोनाल्ड वेन यांचे १०. मतभेद झाला तर वेन यांनी मधे पडून निकाल द्यायचा. पुढे एका दुकानानं ५० कॉम्प्युटर मागितले. जॉब्ज यांनी सुटे भाग ३० दिवसांच्या उधारीवर उचलले. आणि बाराव्या दिवशी वेन यांनी भागीदारीतून नाव काढून घेतलं. त्यांना ८०० डॉलर मिळाले. लोक आजही त्या १० टक्क्यांची किंमत मोजतात आणि हळहळतात. मला ते कधी पटलं नाही. भागीदारीत उधारी बुडाली तर सावकार प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतो. दोन तरुण स्टीव्हांकडे नेण्यासारखं काही नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या वेन यांच्याकडे होतं, आणि आधीच्या एका धंद्यात ते पोळलेले होते. नाव काढताना त्यांनी स्वतःची कुवत बघितली, मी त्यांना भित्रे म्हणणार नाही.

तुमच्या तिघांत वेन तू आहेस. घर तुझ्या नावावर आहे. भारतातला भागीदारीचा कायदा १९३२ चा, आणि तोही हेच म्हणतो: फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकट्यानंही पूर्ण जबाबदार. आणखी एक कलम लक्षात ठेव. हिस्स्यांबद्दल काही ठरवलेलंच नसेल, तर कायदा नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटतो. कागद झालेला नाही म्हणून तुम्ही मोकळे आहात असं नव्हे. मिळून माल विकताय, पैसे वाटून घेताय, तर एखादा वकील तुम्हाला आजच भागीदार ठरवू शकेल.

म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करा. त्यात तुमची जबाबदारी साधारणपणे तुम्ही घातलेल्या भांडवलापुरती राहते. मात्र एखाद्यानं स्वतः केलेल्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्याच्या डोक्यावरून जात नाही, हे मोटरच्या संदर्भात पुन्हा वाच. वर्षाला दोन फॉर्म भरावे लागतात, ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८. विसरलात तर दंड चढत जातो, तेव्हा ते काम एकाच्या नावावर लिहून टाका.

आणि आता निम्मा की तिसरा? मला वाटतं तुमचे दोघेही मित्र बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. भोसरीचा मजुरीबद्दल बोलतोय. जतचा मालकीबद्दल. तुम्ही दोन्ही एकाच आकड्यात कोंबायला बघताय, म्हणून रविवारी कुणी हसलं नाही.

मजुरी वेगळी काढा. जो बोर्ड जोडेल त्याला नगामागे ठरलेले पैसे, मग तो भोसरीचा मित्र असो की त्यानं कामाला ठेवलेली बाई. जतच्या दुकानातून नग विकला गेला तर त्या दुकानाला इतर डीलरला मिळतं तेवढं कमिशन, रुपयाही कमी नाही, जास्तही नाही. तू प्रोग्राममध्ये सुधारणा केलीस तर तुझ्याही तासांचे पैसे लिही, आज घेता आले नाहीत तरी वहीत लिही. दुरुस्तीला परत आलेल्या नगाची मजुरीही ठरवा, आणि तिच्यासाठी प्रत्येक विक्रीतून १०० रुपये बाजूला टाका. त्या पैशांना नफा म्हणायचं नाही. हे सगळं वजा जाऊन जे उरेल ते तिघांत सारखं. तेव्हा बघ, ‘निम्मा’ हा शब्द आपोआप मागे पडेल, कारण रात्री जागल्याचा मोबदला त्याला महिन्याच्या महिन्याला दिसेल.

मालकीचे हिस्सेही पहिल्या दिवशी पूर्ण कुणाच्या नावावर करू नका. चार वर्षांत ते पिकू द्या. वर्षभर काम केलं की पाव हिस्सा पक्का, दोन वर्षं केलं की निम्मा. मधेच कुणी सोडून गेला तर जेवढा पिकला तेवढा त्याचा, बाकीचा उरलेल्यांचा. आजारपण, बदली, लग्न, परदेश, कुणाला काय होईल सांगता येत नाही. जाणाऱ्याला अपराधी वाटू नये आणि राहणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटू नये, यासाठी एवढं एक कलम बस आहे. आम्ही ते लिहिलं असतं तर कदाचित आज माझे दोन मित्र असते.

आता नोकरीचं. तू सोडू नकोस. आत्ता नाही. २३,००० साठी तर नाहीच. पण नोकरीत राहून हे करताना कंपनीच्या नेमणुकीच्या कागदात दोन कलमं शोध: बाहेर काम करायला परवानगी लागते का, आणि नोकरीत असताना तू जे काही बनवशील त्यावर हक्क कुणाचा. आयटीतल्या बहुतेक कागदांत दोन्ही असतात. प्रोग्राम ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिला असशील तर प्रश्न आणखी गुंतेल. वॉझनियाकही तेव्हा हेवलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होते. त्यांनी आपला कॉम्प्युटर आधी त्या नोकरीच्या कंपनीला दाखवला, तुम्हाला हवा का असं विचारलं, आणि कंपनीनं नको म्हटल्यावर पुढे गेले. तूही लेखी परवानगी माग. शेतातल्या पंपाच्या डबीवर तुझ्या कंपनीचा जीव असण्याची शक्यता कमी आहे. पण धंदा मोठा झाल्यावर कुणीतरी जुना कागद काढण्यापेक्षा आज थोडा संकोच सोसलेला बरा.

भोसरीच्या मित्रालाही थांबव. त्याला म्हण, पहिले १०० नग एक उन्हाळा आणि एक वळीव काढू देत. मे महिन्यात वळवाआधी जो कडकडाट होतो, त्यात तारांवरून येणारा झटका तुमच्या बोर्डाची खरी परीक्षा घेईल. त्यात शंभरातले तीनपेक्षा कमी नग परत आले आणि डीलरनं दुसऱ्या खेपेचे पैसे वेळेत दिले, तर त्यानं नोकरी सोडावी, आणि एलएलपीनं त्याला पहिल्या महिन्यापासून थोडा का होईना पगार द्यावा. मित्र आहे म्हणून फुकट राबवू नका.

मालाबद्दल दोन-तीन गोष्टी घाईत सांगतो, कारण त्या तुम्हाला माझ्याहून जास्त कळतात. तुमच्या डबीतलं सिमचं मॉड्यूल टूजीवर चालणारं असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, आणि खेड्यात पुष्कळांकडे तेच असतं; हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर ‘बंद आहे’ म्हणून परत येणाऱ्या नगांत चांगले नगच जास्त असतील. शेतातल्या पेटीत न्यूट्रल असेलच असं नाही, तेव्हा बोर्ड त्याशिवाय चालतो ना हे बघा. वेगळा अ‍ॅडॉप्टर देत असाल तर त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. रेडिओ मॉड्यूल घेताना विकणाऱ्याकडून दूरसंचार खात्याच्या मंजुरीचा कागद मागा, आणि पूर्ण डबीला आणखी काय लागतं ते ५० नग बनवायच्या आधी जाणकाराला विचारा, नंतर नाही. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा फोन नंबर छापणं कायद्यानं लागतं. तो फोन नंबर कुणाचा, हे ठरवताना पुन्हा माझा पहिलाच प्रश्न समोर येईल. लाइट रात्री दोनला येते. म्हणजे तक्रारही दोनलाच येणार. एक आठवडा एकानं, दुसरा दुसऱ्यानं, असे वार लावून घ्या. जतचा मित्र गावात राहतो म्हणून सगळे त्याच्याच दारात जातील, आणि तो कधी बोलणार नाही. त्याचं हे न बोलणं तुम्ही दोघांनी ओळखायला हवं.

राहिली तुझी बायको. तिला आजच सांग. सातव्या महिन्यात तिला काळजी नको म्हणून तू गप्प आहेस, हे मला कळतं. पण तू रविवारी कॉलवर कुणाशी आणि कसल्या आवाजात बोलतोस हे ती ऐकतेच आहे, आणि न सांगितलेल्या गोष्टीची काळजी जास्त असते. तिला वरचा हिशेब दाखव. किती पैसे घालणार, कुठून, आणि कुठल्या आकड्याच्या पुढे आपण जाणार नाही, एवढं तिच्याबरोबर बसून ठरव. तो आकडा मग मित्रांना सांगायला तुला जड जाणार नाही.

आणि पुढच्या रविवारी कॉल करू नका. भोसरीच्या मित्राला गाडीत घाल आणि जतला जा. बाळंतपण जवळ आलं की तुला असं जाता येणार नाही, म्हणून आत्ताच. जाताना त्या सहाही डब्या बरोबर घ्या. दुकानाच्या मागच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक उघडा. एखादीत मुंग्यांनी घर केलेलं असेल, एखादीत पालीनं अंडी घातलेली असतील, एखादीचा तारांवरून येणारा झटका झेलणारा भाग काळा पडलेला असेल, एखादीत काहीच बिघडलेलं नसेल. प्रत्येकीचं कारण एका वहीत लिहा, आणि त्याच्यापुढे लिहा की हा खर्च कुणाचा. सहा ओळी होतील. त्या सहा ओळींवर तिघांच्या सह्या झाल्या की मग हिस्स्यांचं बोला. वकिलाला द्यायचा निम्मा मजकूर तिथेच तयार झालेला असेल.

मग संध्याकाळी विहिरीवर जा. वडिलांच्या पेटीतली पहिली डबी दोन वर्षं चालू आहे असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तीही उघडून बघा, टर्मिनलचे स्क्रू सैल झालेत का, वायरचं इन्सुलेशन तापून कडक झालंय का. पण वडिलांना विचारून, मेन स्विच पाडून, आणि त्या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची ते पाहूनच पेटीला हात लावा.

— काका